जमिनीपासून दीड फूट

सप्टेंबर संपत आला की न्यू जर्सीतल्या आमच्या गल्लीत हॅलोवीनचे, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या भुतांच्या सणाचे, सापळे उगवायला लागतात. कुणाच्या हिरवळीवर थर्माकोलची थडगी, कुणाच्या जिन्याला कोळ्याची जाळी, कोपऱ्यावरच्या घरासमोर बारा फुटी हाडांचा राक्षस. तो इतका अवजड आहे की ते लोक त्याला हलवतच नाहीत, डिसेंबरात त्याच्याच डोक्यावर सांताची टोपी चढते. पण माझी खरी करमणूक होते ती हवा भरून उभ्या राहणाऱ्या भुतांनी. दिवसा पंखा बंद, त्यामुळे भूत गवतावर आडवं पडलेलं. सकाळी फिरायला जाताना आमचा बंडू त्या कापडाचा कोपरान् कोपरा हुंगतो आणि शेवटी तंगडी वर करून आपली सही ठोकतो. संध्याकाळी त्याच वाटेनं यावं, तर टायमर लागलेला, पंखा घरघरतोय आणि सकाळचं कापड नऊ फूट उंच होऊन डुलतंय. बंडू जागच्या जागी थिजतो. पाठीवरचे केस मानेपासून शेपटीपर्यंत ताठ, पुढचा एक पाय हवेतच. आणि नाक मात्र चालू, कारण वास तर स्वतःचाच येतोय!

त्याच्या त्या गोंधळाकडे बघताना दर वर्षी मला एकच गोष्ट जाणवते. सण आपण उभ्या माणसाच्या नजरेनं सजवतो. दारावर, खिडकीत, टेबलावर कसं दिसेल, फोटोत कसं येईल, एवढाच हिशोब. घरात कुत्रा असेल तर त्या घराला आणखी एक उंची असते, जमिनीपासून साधारण दीड फूट. मांजर असेल तर तिसरी, फ्रिजच्या डोक्यावरची. त्या दोन्ही उंचींवरून हॅलोवीनचं घर अगदी वेगळं दिसतं. तिथे भुताची भीती कुणालाच नसते. भीती वाटावी अशा वस्तू भलत्याच असतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा आपण प्रेमानं, मुलांना मांडीशी घेऊन, स्वतःच्या हातांनी बनवलेल्या असतात.

बंडू बीगल जातीकडे झुकणारा, बारा किलोचा, कायमचा उपाशी. काजळ नावाची काळी मांजर त्याच्या आधीपासून घरात आहे आणि घर तिच्याच नावावर आहे अशा थाटात वावरते. लेक ओवी तिसरीत. ऑक्टोबर लागला की आमचं जेवणाचं टेबल जेवणाचं राहत नाही. शाळेत, वाचनालयात, मैत्रिणीकडे, सगळीकडे हॅलोवीनच्या हस्तकला सुरू होतात आणि त्यांचं सामान आमच्याकडे मुक्कामाला येतं.

त्यातला सगळ्यात निरुपद्रवी दिसणारा प्रकार म्हणजे मिठाच्या कणकेची भुतं. दोन कप मैदा, एक कप मीठ, एक कप पाणी. मळा, लाटा, कापा, भट्टीत मंद आचेवर वाळवा, रंगवा. स्वस्त, सोपं, आणि सगळं स्वयंपाकघरातलंच, म्हणून आया खूश. पण वजनात बघा. एक कप बारीक मीठ म्हणजे पावणेतीनशे ग्रॅमच्या पुढे. त्या ओल्या गोळ्यात एक तृतीयांशाहून जास्त मीठच असतं, आणि वाळल्यावर प्रमाण आणखी वाढतं. कुत्र्याच्या पोटात त्याच्या दर किलो वजनामागे दोन-तीन ग्रॅम मीठ एकदम गेलं की उलट्या, तहान, झोकांड्या सुरू होतात. चार ग्रॅमच्या आसपास ते जिवावर बेतू शकतं. रक्तातलं सोडियम चढतं, मेंदूच्या पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं, झटके येतात. म्हणजे बंडूला आजारी पाडायला लिंबाएवढा एक गोळा पुरे. आणि बंडूला कणीक म्हणजे जीव की प्राण. पोळ्या करताना तो ओट्याखाली मांडी घालून बसावं तसा बसतो. आता त्याला कसं कळावं की आजची कणीक पोळीची नाही? आमच्याकडे ही भुतं बनतात, पण वाळत घालायची जागा भट्टीतच. भट्टी बंद, दार बंद, दारावर ओवीच्या अक्षरात ‘आत भुते आहेत’. बाहेर ओट्यावर जाळीवर ठेवणं आमच्या घराण्यात निषिद्ध. हेच गोळे नाताळात ताऱ्यांचे आकार घेऊन झाडाच्या खालच्या फांद्यांवर लटकतात, तेही अगदी कुत्र्याच्या तोंडाशी.

काजळचं वेड वेगळं. तिला खाण्यात रस नाही, तिला हलणाऱ्या वस्तू हव्यात. लोकर, रिबन, कोळ्याचे पाय करायच्या त्या केसाळ तारा. मांजर आणि लोकरीचा गुंडा हे चित्र आपण लहानपणापासून गोंडस म्हणून बघत आलोय. प्रत्यक्षात मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. दोरा एकदा त्या काट्यांत अडकला की मांजराला तो थुंकता येत नाही, फक्त गिळता येतो. गिळलेल्या दोऱ्याचं एक टोक बऱ्याचदा जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं आणि उरलेला दोरा पुढे आतड्यात जातो. आतडं आपल्या सवयीनं पुढे ढकलत राहतं, दोरा ताणला जातो, आणि आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडून गोळा होत जातं, नाडी ओढल्यावर परकराला पडतात तशा. मग दोरा आतड्याची भिंत कापायला लागतो. शस्त्रक्रियेशिवाय सहसा सुटका नाही. म्हणून मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढायचा नाही, कापायचाही नाही, तसंच उचलून डॉक्टरकडे न्यायचं. कोळी बनवून झाले की आमच्याकडे तुकडे मोजत नाही कुणी, पण टेबल ओल्या फडक्यानं पुसून, फडकं झटकून, मगच काजळसाठी खोलीचं दार उघडतं.

भोपळ्यातल्या दिव्याचं तर आणखीच. पूर्वी भोपळा कोरून आत मेणबत्ती लावायचे. शेपटी हलवत जाणारा कुत्रा आणि उघडी ज्योत हे समीकरण वाईट, म्हणून सगळे बॅटरीवरच्या लुकलुकत्या दिव्यांकडे वळले. शहाणपणाचंच झालं ते. पण त्या प्लॅस्टिकच्या टीचभर दिव्याच्या पोटात बटणाएवढी चपटी बॅटरी असते, आणि स्वस्तातल्या दिव्यांचं झाकण नखानंही उघडतं. ती बॅटरी अन्ननलिकेत अडकली की ओल्या त्वचेशी संपर्क येऊन वीज वाहायला लागते, एका बाजूला क्षार तयार होतो आणि आतून भाजतं. पंधरा-वीस मिनिटांत इजा सुरू होते, दोनेक तासांत भोक पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. लहान मुलांच्या बाबतीतही हेच, त्यामुळे हा धडा दुहेरी कामाचा. झाकणाला स्क्रू असलेले दिवेच घ्यावेत, नाहीतर झाकणावर चिकटपट्टीचे चांगले दोन वेढे द्यावेत. आणि लाकूडकामाचा तो फुगणारा पॉलियुरेथेन डिंक मुलांच्या हस्तकलेत आणूच नये. कुत्र्यांना त्याची चव आवडते, पोटातल्या ओलाव्यानं तो फुगून दगड होतो. साधा पांढरा शाळेचा डिंक बरा.

अंधारात चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या कांड्यांचं (ग्लो स्टिक) प्रकरण मात्र जितकं भयंकर दिसतं तितकं नाही. मांजरानं ती चावली की तोंडाला फेस येतो, मांजर सैरावैरा पळतं, घरातली माणसं रडायला लागतात. आतला द्रव प्रचंड कडू असतो, त्यामुळे ते थेंबभराच्या पुढे चाटतच नाही. थोडं दूध किंवा डबाबंद माशाचं पाणी देऊन तोंडाची चव घालवायची. मग दिवे मालवून बघायचं, अंगावर कुठे चमकतंय का, आणि तेवढा भाग पुसून काढायचा, म्हणजे चाटून पुन्हा तोच तमाशा होत नाही. अंधारात चमकणारी काळी मांजर हे दृश्य हॅलोवीनला शोभूनही दिसतं म्हणा.

आता कँडी. हा सगळा उत्सव आयर्लंडहून आलेल्या लोकांनी इथे आणला. तिकडे ते सलगम कोरायचे, इथे भोपळा मिळाला. त्यांच्या भुताखेतांच्या रात्रीचं रूपांतर अमेरिकेनं साखरेच्या रात्रीत केलं. ३१ ऑक्टोबरच्या रात्री ओवी घरोघरी जाऊन उशीचा अभ्रा कँडीनं भरून घरी येते आणि दिवाणखान्याच्या गालिच्यावर ओतते. बरोब्बर बंडूच्या नाकासमोर.

चॉकलेट कुत्र्याला वाईट हे आता सगळ्यांना माहीत असतं. किती वाईट, हे मात्र चॉकलेट कुठलं आणि कुत्रा केवढा यावर ठरतं, आणि त्याचं गणित करून ठेवलेलं असलं की ऐनवेळी हातपाय गळत नाहीत. कोकोतलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, अर्धं व्हायलाच साडेसतरा तासांच्या आसपास लागतात. दर किलो वजनाला वीस मिलिग्रॅमच्या पुढे उलट्या-जुलाब आणि अस्वस्थता, चाळीस-पन्नासच्या पुढे हृदयाचे ठोके बिघडतात, साठला झटके. दुधाच्या चॉकलेटमध्ये ग्रॅमला साधारण दोन मिलिग्रॅम, गडद चॉकलेटमध्ये पाच, केकसाठीच्या बिनसाखरेच्या चॉकलेटमध्ये चौदा. म्हणजे बंडूला त्रास सुरू व्हायला दुधाचं चॉकलेट सव्वाशे ग्रॅमच्या जवळपास लागेल, हॅलोवीनच्या आठेक छोट्या वड्या. गडद असेल तर पन्नास ग्रॅमच्या आतच काम होतं. केकवालं असेल तर सतरा ग्रॅम. पांढऱ्या चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन जवळपास नसतंच, तिथे प्रश्न चरबीचा. वेष्टनांचा चांदीचा कागद वेगळा, तो आतड्यात अडकतो. आमच्या फ्रिजवर हे आकडे ओवीनं चुंबकाच्या भुताशेजारी लिहून ठेवलेत. गणिताचा तेवढाच सराव.

माझा राग आहे तो ‘आरोग्यदायी’ घरांवर. प्रत्येक गल्लीत एक घर असं असतं जिथे कँडीऐवजी बेदाण्यांची इवलीशी डबी देतात. मुलं ती डबी तोंड वाकडं करून जमिनीवर टाकतात. आणि त्या पिशवीतली चॉकलेटपेक्षा बेभरवशाची वस्तू तीच असते. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला निकामी करू शकतात. कुठल्या कुत्र्याला किती झेपेल याचा अंदाज आजही बांधता येत नाही. कुणी मूठभर खाऊन ठणठणीत, कुणी थोडक्यात आजारी. द्राक्षांतलं टार्टरिक आम्ल त्यामागे असावं, असं २०२१पासून विषतज्ज्ञ पशुवैद्य मांडताहेत. दुसरं घर बिनसाखरेचं च्युइंगम वाटतं, दातांच्या काळजीनं. त्यात झायलिटॉल असलं, वेष्टनावर कधी ‘बर्च शुगर’ अशा सालस नावानं, तर कुत्र्याचं स्वादुपिंड फसतं आणि भराभरा इन्सुलिन सोडतं. अर्ध्या तासात रक्तातली साखर कोसळू शकते, जास्त मात्रेत यकृत जातं. साधी साखरेची गोळी परवडली. बाहेर पोर्चमध्ये निळसर भोपळा ठेवणारीही काही घरं आहेत, ज्यांच्याकडे ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी खाऊऐवजी छोटी खेळणी मिळतात. कल्पना उत्तम. फक्त ती टणक रबरी बुबुळं आणि उड्या मारणारे चेंडू घरी आल्यावर उचलून ठेवायचे.

कुत्र्यानं काही खाल्लं की आपल्या लोकांची पहिली उडी ओकारी काढण्यावर. आई कऱ्हाडहून आली होती तेव्हा बंडूनं अंगणातून काहीतरी उचललं, तर ती उठलीच, “मिठाचं पाणी पाज त्याला, आत्ता बाहेर येतंय बघ.” गावाकडे माणसाजनावरांना सर्रास हेच करायचे. वर कणकेचं सांगितलं ते मीठ इथेही तेच आहे, उलटी झाली नाही तर ते पोटात राहतं आणि एका विषावर दुसरं चढतं. इथले डॉक्टर कधी कधी फोनवरून हायड्रोजन पेरॉक्साइडची मात्रा सांगतात, तेही फक्त कुत्र्याला, मांजराला कधीच नाही, आणि तेही काय खाल्लं आणि कधी खाल्लं ते विचारूनच. बॅटरी किंवा फुगणारा डिंक गिळला असेल तर ओकारी काढणं उलट घातक. एएसपीसीए या संस्थेचं प्राणी-विषबाधा केंद्र चोवीस तास फोन उचलतं, ८८८-४२६-४४३५. फी घेतात, पण रात्री अकरा वाजता वेष्टन हातात धरून शांतपणे आकडेमोड करणारं माणूस पलीकडे असतं, त्याचं मोल वेगळंच. फोन करताना वेष्टन हातात हवं आणि प्राण्याचं वजन तोंडपाठ.

दाराची गोष्ट मी थोडक्यात उरकते, कारण उपाय सोपा आहे. साडेपाच-सहाला अंधारायला लागलं की घंटा वाजायला सुरुवात होते ती आठ-साडेआठपर्यंत. दर वेळी दार उघडतं, दर वेळी बाहेर मुखवट्यातली अनोळखी माणसं. आपला पाहुण्यांवर लळा लावणारा कुत्राही त्या वेळी कुणाच्या पायांमधून सटकून रस्त्यावर जाईल याचा नेम नाही. आमच्याकडे संध्याकाळी पाचला बंडू फिरून, जेवून, वरच्या खोलीत जातो. पाणी, चघळायला काहीतरी, खिडकीचा पडदा ओढलेला, आणि आईनं ध्वनिमुद्रित करून पाठवलेली भजनं मंद आवाजात. काजळ त्याच्या कपाटावर. मानेजवळ कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप म्हणजे जीपीएस नव्हे, हे मला इथल्या बऱ्याच मराठी घरांत समजावून सांगावं लागतं. तो नुसता एक क्रमांक असतो, बहुतेकदा पंधरा आकडी. दवाखान्यात किंवा आश्रयगृहात यंत्र फिरवलं की तो दिसतो, आणि त्या क्रमांकाशी जोडलेला तुमचा फोन नंबर जुन्या नोकरीच्या गावातला असेल तर उपयोग शून्य. घर बदललं की चिपचा पत्ता बदलायचा, हे अमेरिकेत चार ठिकाणी फिरलेल्या आपल्या मंडळींनी तरी विसरू नये.

पोशाखांवरून आमच्या घरात दोन तट आहेत. न्यू यॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये टॉम्पकिन्स स्क्वेअरला कुत्र्यांची हॅलोवीन मिरवणूक निघते, तीसेक वर्षांची परंपरा आहे. शेकडो कुत्री, कुणी टॅक्सी झालेलं, कुणी समोसा, कुणी आख्खी भुयारी गाडी. ओवीला ती बघायची असते, आणि बंडूला वडापाव करायचा असतो. मी बाजूला उभी राहून कुत्र्यांचे चेहरे बघते. काही खरंच मजेत असतात, शेपटी सैल, तोंड उघडं. पण बरीचशी ओठ चाटत असतात, पुन्हा पुन्हा जांभया देत असतात, कान मागे, डोळ्याचा पांढरा भाग कडेनं दिसतोय. कुत्र्याला झोप आली म्हणून तो चौकात उभ्या उभ्या जांभया देत नाही, अवघडल्यावर देतो. मालक म्हणतात, बघा कसा शहाण्यासारखा उभा आहे! तो थिजलेला असतो, सकाळचं कापड संध्याकाळी भूत होतं तेव्हा बंडू थिजतो, तसाच.

आईला हा वाद सांगितला तर ती म्हणाली, “मग बेंदराला आपण बैलांना झूल नाही का घालत? शिंगं रंगवतो, गोंडे बांधतो. त्यांनी कुठं सांगितलेलं असतं?” मला पटकन उत्तर सुचलं नाही. आमच्याकडे आषाढात बेंदूर, बाकी महाराष्ट्रात श्रावणात पोळा. नंतर मलाच आठवलं, बेंदराला सजवायच्या आधी बैलाला नदीवर नेऊन घासूनपुसून धुतात, खांद्याला तूप-हळद चोळतात, पुरणपोळी चारतात, आणि मुख्य म्हणजे त्या दिवशी त्याच्या मानेवर जू नसतं. सजावट त्या सगळ्याच्या शेवटी येते. आणि झूल पाठीवर असते, डोळ्यांवर नाही. तर आमच्या घरात तोडगा असा निघाला की बंडूच्या गळ्यात एक रुमाल, त्यावर ओवीनं कापडी रंगानं काढलेला वडापाव. डोळे, कान, शेपटी मोकळी. तो रुमाल आहे हे तो दोन मिनिटांत विसरतो. काजळला काहीही घालायचं नाही, हा ठराव काजळनंच पंज्यानं मंजूर केला.

काळ्या मांजराचं सांगायला हवं. आमच्याकडे मांजर आडवं गेलं की चार पावलं मागे येतात, रंग कुठलाही असो. इथे सगळा दोष काळीच्या माथी. बरीच आश्रयगृहं पूर्वी ऑक्टोबरभर काळी मांजरं दत्तक द्यायची थांबवत. कुणी सजावटीपुरती नेतील, कुणी छळ करतील ही धास्ती. हल्ली अनेकांनी ती बंदी उठवली आहे, कारण त्या भीतीला फारसा पुरावा सापडला नाही आणि महिनाभर पिंजऱ्यात राहणं मात्र खरं होतं. काजळ आम्हाला मिळाली ती अशाच एका ऑक्टोबरच्या शेवटी. आई पहिल्यांदा आली तेव्हा काजळ रोज सकाळी तिला आडवी जायची आणि आई रोज पुटपुटत थांबायची. महिना उलटला तशी तिनं थांबणं सोडलं. रोजच आडवी जाणाऱ्या बाईसमोर किती वेळा मागे यायचं!

खरी कसरत असते ती दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस आली की. २०२४ साली तर अमेरिकेत लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरलाच होतं, महाराष्ट्रात दुसऱ्या दिवशी. पोर्चमध्ये एका पायरीवर दात विचकणारा भोपळा, दुसरीवर पणत्या. दारात रांगोळी, तिच्यावरून चेटकिणी आणि कोळीमानव उड्या मारत येतायत. आणि त्या संध्याकाळी मला कळलं की हॅलोवीनची सगळी दक्षता घेतली तरी आपल्या फराळाचं ताट तितकंच पारखून बघायला हवं. चिवड्यात बेदाणे. करंजीच्या सारणात बेदाणे. चिवड्याला वरून कुरकुरीत तळलेला कांदा, शेवेला लसूण, आणि कांदा-लसूण कुत्र्यामांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, मांजराच्या तर थोड्या मात्रेतही. पाहुण्यांच्या हातातून सांडलेला चिवडा बंडू जमिनीवरून असा टिपतो की केरसुणी लागत नाही. म्हणून आमच्याकडे दिवाळीला चिवडा दोन प्रकारचा होतो. पाहुण्यांच्या बैठकीत फिरतो तो बिनबेदाण्याचा, बिनकांद्याचा. साग्रसंगीत डबा स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर. काही पाहुणे नाक मुरडतात. मुरडोत.

याहून जपावं लागतं ते फुलांना. इथे लक्ष्मीपूजनाला येणारी मंडळी दुकानातून गुच्छ घेऊन येतात आणि त्यात हटकून लिली असते. मांजराच्या बाबतीत लिलीइतकी कपटी वस्तू घरात दुसरी नसेल. पान, पाकळी, परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. केसांवर पडलेला पराग काजळनं अंग चाटताना गिळला तरी एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडू शकतात. सुरुवातीला नुसती एखादी उलटी, मग मांजर जरा गप्प, आणि घरच्यांना वाटतं पाहुण्यांच्या गडबडीनं थकलं असेल. उपचार लवकर, पहिल्या काही तासांत, सुरू झाले तरच आशा. खऱ्या लिली आणि डे-लिली दोन्ही वाईट. झेंडू मात्र बिनधास्त लावावा, तोरणं करावीत. आलेला गुच्छ मी हसतमुखानं घेते, “अय्या, किती सुंदर!” म्हणते, आणि गराजमध्ये नेऊन लिली बाजूला काढते. उरलेली गुलाबं टेबलावर. आतापर्यंत कुणी विचारलेलं नाही.

दिवाळीत कुत्र्याचा विचार करणं आपल्याला परकं वाटायचं खरं तर कारण नाही. खंडोबाबरोबर कुत्रा आहे, दत्ताच्या पायाशी चार आहेत, आणि आपली दिवाळी सुरूच वसुबारसेला गाईवासरापासून होते. नेपाळमध्ये तर नरक चतुर्दशीच्या सुमारास कुकुर तिहार असतो. कुत्र्याच्या कपाळाला टिळा, गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात खाऊ. रस्त्यावरच्या बेवारशी कुत्र्यालासुद्धा. आमच्या शेजारी एक नेपाळी कुटुंब आहे. त्यांच्या आजी त्या सकाळी बंडूलाही बोलावतात. तो टिळा लावून घेताना हलत नाही, कारण त्यांच्या दुसऱ्या हातात उकडलेलं अंडं असतं. माळ गळ्यात पडल्यावर पहिल्यांदा तो झेंडू चाखून बघतो.

सण सरला की उरतात भोपळे. कोरलेला भोपळा पायरीवर आठवडाभर सुद्धा नीट टिकत नाही, आतून काळी-हिरवी बुरशी धरतो. ती बुरशी खाल्लेल्या कुत्र्याला थरथर, झटके येऊ शकतात, त्यामुळे १ नोव्हेंबरला सकाळी आमचे भोपळे थेट झाकणवाल्या पिंपात. कापसाची ती खोटी कोळिष्टकंही लगेच उतरवायची. झुडपांवर राहिली तर रात्री घुबडं आणि पाखरं त्यात गुरफटतात. जवळपासची काही शेतं न रंगवलेले, मेण न सांडलेले भोपळे शेळ्या-डुकरांसाठी घेतात, तिकडेही एखादी फेरी होते.

पण कोरायचे ते मोठे भोपळे आणि खायचे लहान गोड भोपळे वेगळे. लहान दोन मी आधीच बाजूला ठेवलेले असतात, घारग्यांसाठी. किसून, वाफवून घेतलं की गूळ घालायच्या आधी एक वाटी बंडूची. त्याला नुसता शिजलेला भोपळा चांगला मानवतो, पोट बिघडलं तर उलट औषधासारखा. दुकानातला डबा घेतलात तर त्यावर नुसता भोपळा लिहिलंय ना बघा, ‘पाय’ नावाच्या गोड पदार्थासाठीचं सारण नको, त्यात साखर आणि जायफळ असतं. यंदा मी किस वाफवत असताना आई व्हिडिओ कॉलवर होती. तिनं बंडूची वाटी पाहिली.

“अगं, त्याला गूळ नाही घातलास?”

“त्याला नको असतो, आई.”

“बरं. मग त्याच्या वाटणीचा माझ्या घारग्यांत घाल. मी येतेय एप्रिलात, फ्रीझरमध्ये ठेव.”